वाळूतल्या मोठ्या माश्या: रॅफिओमिडास मायडिडीत की अपिओसेरिडीत?

जुनीचिठ्ठी:
वाळवंटी माश्यांच्या एका जुन्या संग्रहाची सूची नव्याने लावायची आहे आणि एका खणाशी गाडी अडली आहे. खणावर चिठ्ठी आहे 'कुल (फॅमिली) अपिओसेरिडी'. आत तीन तऱ्हेचे नमुने आहेत: ऑस्ट्रेलिया आणि उत्तर अमेरिकेतल्या अपिओसेरा, कॅलिफोर्नियाच्या वाळूच्या टेकड्यांवरच्या रॅफिओमिडासची एक रांग, आणि चिलीची एकुलती एक मेगॅसेलस. शेजारचा खण मायडिडी कुलाचा. त्यात लांब, टोकाला गदेसारख्या फुगलेल्या शृंगिकांच्या (अँटेनांच्या), गांधीलमाशीसारख्या दिसणाऱ्या माश्या.

नव्या सूच्यांमध्ये रॅफिओमिडास आणि मेगॅसेलस दोन्ही मायडिडीत दिसतात. जुन्या ओळखकिल्लीने, म्हणजे एकेक लक्षण पाहत नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्याने गेले, की डोक्यावर तीन साधे डोळे दिसतात आणि किल्ली सरळ अपिओसेरिडीकडे नेते. तर:

१. खरे कुल कोणते धरायचे, आणि का?
२. भिंगाखाली कोणत्या क्रमाने काय पाहायचे?
३. खणात एक बाटली आहे, चिठ्ठीवर फक्त 'अळी, वाळू'. तिचे काय करायचे?

शिरापट:
पहिल्याचे उत्तर: मायडिडी. १९९६ साली येट्स आणि अर्विन या कीटकशास्त्रज्ञांनी अपिओसेरिडीचा नव्याने आढावा घेतला. त्याआधी त्या कुलात अपिओसेरा, रॅफिओमिडास, मेगॅसेलस, ऑस्ट्रेलियाची निओरॅफिओमिडास आणि दक्षिण आफ्रिकेची टोंगामिया अशा पाच प्रजाती एकत्र बसवलेल्या होत्या. त्यांच्या विश्लेषणात अपिओसेरा एकटी एका बाजूला राहिली आणि उरलेल्या चार मायडिडीच्या फांदीवर गेल्या. आज रॅफिओमिडासचे स्वतंत्र उपकुल आहे, रॅफिओमिडिनी. मेगॅसेलस, निओरॅफिओमिडास आणि टोंगामिया यांचे मेगॅसेलिनी. अपिओसेरिडीत उरली फक्त अपिओसेरा, पण तिच्या जाती दीडशेच्या आसपास आहेत.

मेगॅसेलिनीच्या तिघी जिथे राहतात ते पाहा: चिली, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका. तीन खंड, तिन्ही गोंडवन या एकेकाळच्या महाखंडाचे तुकडे. हे उपकुल नकाशावर मांडून बघण्यासारखे आहे.

रानवाट:
वाचतोय. एक शंका: 'प्रजाती' म्हणजे स्पीशीज ना? मग अपिओसेरा ही एकच प्रजाती आणि तिच्या दीडशे जाती, हे कसे?

कीटकवही:
रानवाट, हा गोंधळ वर्तमानपत्रांनी घातला आहे. मराठी शास्त्रीय लेखनात उतरंड अशी: वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. प्रजाती म्हणजे जीनस, जाती म्हणजे स्पीशीज. प्रजातीला काही जण 'वंश' म्हणतात. इथल्या माश्या द्विपंखी गणातल्या. दुसरे कीटक पकडून खाणाऱ्या दरोडेखोर माश्यांचे असिलिडी कुल, अपिओसेरिडी, मायडिडी ही सगळी असिलॉइडिया या अधिकुलातली. या धाग्यापुरते हेच शब्द वापरू, म्हणजे पुढे घोळ होणार नाही.

वाळूघड्याळ:
मला १९९६ ची मांडणी माहीत आहे, तरी मन राजी होत नाही. तीन साधे डोळे, आखूड शृंगिका, आणि ठेवण दरोडेखोर माशीसारखी. रॅफिओमिडास हातात घेतली की ती अपिओसेराच्या शेजारचीच वाटते, मायडिडीतल्या गदेसारख्या शृंगिकांच्या मायडासशेजारची नाही. जे वर्गीकरण भिंगाने दिसत नाही ते संग्रहात काम करणाऱ्याच्या काय कामाचे? खण उघडल्यावर नमुना सापडला पाहिजे.

शिरापट:
वाळूघड्याळ, तुमचा मुद्दा सोयीचा आहे, नात्याचा नाही. तीन साधे डोळे ही माश्यांच्या पूर्वजांकडून आलेली जुनी गोष्ट आहे. दरोडेखोर माशीला तीन, घरमाशीलाही तीन. नेहमीच्या मायडिडींमध्ये ती संख्या घटून एकावर आली. ज्यांच्याकडे तीन राहिले त्यांनी फक्त जुने टिकवले. दोन घरांनी जुने आडनाव ठेवले आणि तिसऱ्याने बदलले, म्हणून पहिली दोन सख्खी ठरत नाहीत. आडनाव बदलणारा त्यांच्यातल्या एकाचा सख्खा भाऊ असू शकतो. नवे काय कोणाबरोबर वाटून घेतले आहे, नाते त्यावरून ठरते.

जुनी किल्ली चुकीची नाही. ती ओळखीसाठी लिहिलेली आहे आणि ओळख ती बरोबर पटवते. फक्त तिच्या शेवटी जे कुलाचे नाव लिहिले आहे ते बदलायचे.

वाळूघड्याळ:
आडनावाचे पटले. मग आता असे एक लक्षण सांगा, जे अपिओसेरिडी आणि मायडिडी दोघींना दरोडेखोर माश्यांपासून वेगळे काढते आणि डोळ्यांनी दिसते.

शिरापट:
पंख. दरोडेखोर माशीच्या पंखात एम-१ ही शीर पंखाच्या टोकाच्या मागे, म्हणजे मागच्या कडेला संपते. अपिओसेरिडी आणि मायडिडीत हीच शीर पुढे वळते आणि टोकाच्या अलीकडे, पुढच्या कडेला मिळते. तिच्या वरच्या आर-४ आणि आर-५ याही तशाच पुढे झुकतात. पंखाच्या टोकापाशी सगळ्या शिरा वाऱ्याने एका बाजूला झुकवल्यासारख्या दिसतात. साधे १० पट भिंग पुरते. पंखामागे पांढरा कागद धरा आणि प्रकाश खालून येऊ द्या.

आता जुनीचिठ्ठीचा दुसरा प्रश्न. मी हा क्रम ठेवीन, आणि तो मोडू नका.

आधी पाय. नखांच्या खाली गाद्या किती ते मोजा. दोन असतील आणि मध्ये फक्त एक राठ केस, तर आपण असिलॉइडियात आहोत. तिन्ही गाद्या सारख्या असतील तर नमुना या खणातला नाहीच. तो नेमेस्ट्रिनिडी किंवा घोडमाशीच्या गोतावळ्यातला.

मग डोके. दोन डोळ्यांमधला माथा खोल खचलेला, चेहऱ्यावर मिशीसारखा राठ केसांचा झुपका आणि सोंड टणक, टोकदार असेल तर दरोडेखोर माशी.

मग पंख, वर सांगितल्याप्रमाणे.

मग सोंडेच्या बाजूचे पॅल्प, म्हणजे तोंडाजवळची छोटी स्पर्शांगे. टोकाचा भाग चमच्यासारखा पसरट असेल तर अपिओसेरा. हे एक लक्षण दिसले की बाकी शंका उरत नाही.

चमचा नसेल तर शृंगिका आणि साधे डोळे. लांब गदेसारखी शृंगिका आणि माथ्यावर एकच साधा डोळा म्हणजे नेहमीच्या मायडिडी. तीन साधे डोळे आणि चमचा नाही, तर रॅफिओमिडिनी किंवा मेगॅसेलिनी. तिथून पुढे गावाची चिठ्ठी बघा, कारण उत्तर अमेरिकेत यातली फक्त रॅफिओमिडास आहे.

टाचणी_नं_३:
पॅल्पबद्दल एक सूचना. जुन्या वाळलेल्या नमुन्यात पॅल्प सोंडेच्या खाली दबलेले असतात आणि ते दिसत नाहीत म्हणून लोक 'चमचा नाही' असे लिहून मोकळे होतात. आधी नमुना मऊ करा. झाकणाच्या डब्यात तळाला ओली वाळू किंवा ओला स्पंज, त्यावर जाळी, जाळीवर नमुना. बुरशी येऊ नये म्हणून थायमॉलचे दोन-तीन खडे. या आकाराच्या माशीला २४ तास लागतात, कधी ३६. झाकणाच्या आतल्या बाजूला टिपकागद चिकटवा, नाहीतर पाण्याचे थेंब नमुन्यावर पडतात आणि अंगावरची पिठासारखी झळाळी कायमची जाते. मऊ झाल्यावर टोक वाकवलेल्या बारीक टाचणीने पॅल्प हळूच बाहेर ओढा. जोर लावावा लागला तर नमुना अजून तयार नाही, परत डब्यात ठेवा.

रानवाट:
क्रम मोडू नका असे का म्हणालात? पंख आधी पाहिला तर काय बिघडते?

शिरापट:
नेमेस्ट्रिनिडी. त्यांच्याही पंखात शिरा पुढे झुकून टोकाच्या अलीकडे संपतात, शिवाय पंखभर एक तिरपी रेघ दिसते. सोंड अनेकींची लांब, तीही फुलांवर. पंखाने सुरुवात केली तर ती माशी आरामात रॅफिओमिडासच्या रांगेत जाऊन बसते. पायाच्या गाद्या मात्र फसवत नाहीत.

हुमणी:
तिसऱ्या प्रश्नावर मी लिहिते, कारण माझ्या मते या कुलाची खरी गोष्ट अळीची आहे. उडणारी माशी ही तिच्या आयुष्याची शेवटची छोटी शेपटी. काही दिवस उडायचे, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची. बाकी सगळा काळ वाळूखाली.

अळी लांबट, नळीसारखी, पांढरट, पाय नाहीत. डोके छोटे, गडद आणि आत ओढून घेता येणारे. बाटलीतली अळी ताटलीत काढा आणि मागचे श्वासरंध्र शोधा. शेवटून दुसऱ्या खंडावर असेल तर ती असिलिडी, अपिओसेरिडी, मायडिडी या गटातली. शेवटून तिसऱ्यावर वाटत असेल आणि अंगाला वीसेक खंड दिसत असतील, बारीक सापासारखी, तर ती थेरेव्हिडी किंवा सीनोपिनिडी या दुसऱ्या कुलांतली. त्यांच्या उदराचे खंड पुन्हा आडवे विभागलेले असतात, म्हणून संख्या वाढलेली दिसते. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, गुबगुबीत असेल तर बॉम्बिलिडी, आणि ती दुसऱ्या कीटकाच्या अंगावर वाढणारी.

एवढ्यावरून कुल मात्र ठरवू नका. या तीन कुलांच्या अळ्या एकमेकींसारख्या आहेत. सोबत कोशाची कात किंवा त्यातून निघालेली माशी नसेल तर चिठ्ठीवर 'असिलॉइडिया, अळी' इतकेच लिहा.

जुनीचिठ्ठी:
कोशाची कात म्हणजे? दोन टाचण्यांवर माशीच्या खाली एक पोकळ, काटेरी तपकिरी नळी टोचलेली आहे. तो कचरा समजून काढायच्या बेतात होतो!

हुमणी:
काढू नका! त्या खणातली ती सगळ्यात मोलाची वस्तू असू शकते. कोश तयार झाला की तो वाळूतून स्वतः वर सरकतो. डोक्यावर टणक काटे आणि उदराच्या खंडांवर काट्यांच्या रांगा असतात, त्या मागे टेकवत अंग पिळत तो वर येतो. पृष्ठभागातून अर्धा बाहेर आला की पाठ फाटते, माशी निघते आणि रिकामी कात वाळूत उभी राहते. ती कात त्याच माशीखाली टोचलेली असेल तर कोश कोणाचा हे पक्के ठरते. पुढे कोणी वाळूत नुसती कात शोधली तरी ताडून पाहता येते. कात ठिसूळ असते. टाचणीवर सैल झाली असेल तर जिलेटिनच्या छोट्या कुपीत घाला आणि कुपी त्याच टाचणीवर टोचा.

मुंगीवाट:
अळ्या खातात काय? एका लेखात 'मायडिडीच्या अळ्या हुमणी (भुंगेऱ्यांच्या अळ्या) खातात' असे सरसकट लिहिलेले वाचले.

हुमणी:
मायडास क्लॅव्हेटसबद्दल ते खरे. उत्तर अमेरिकेची, काळी, उदरावर नारिंगी पट्टा असलेली जात. तिच्या अळ्या कुजलेल्या लाकडात भुंगेऱ्यांच्या अळ्या खातात, म्हणजे ती वाळवंटीही नाही. ब्राझीलच्या गॉरोमायडास हीरोसच्या अळ्या पाने कापणाऱ्या अट्टा मुंग्यांच्या वारुळात राहतात आणि तिथल्या कुजलेल्या साठ्यावर पोसलेल्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर जगतात. एका जातीचे निरीक्षण पाचशे जातींच्या कुलावर लादू नये.

मुंगीवाट:
गॉरोमायडास हीरोस म्हणजे तीच ना, जगातली सगळ्यात मोठी माशी?

शिरापट:
तीच. शरीर सुमारे ६ सेंमी, पंखांचा विस्तार सुमारे १० सेंमी. पेर्टीने १८३३ मध्ये तिचे वर्णन केले, तेव्हा नाव मायडास हीरोस होते. मायडास ही प्रजाती फॅब्रिशियसची, १७९४ ची. काही जुन्या पुस्तकांत स्पेलिंग बदलून 'मिडास' केले आहे. हात लावेल ते सोने करणाऱ्या मिडास राजावरून दुरुस्ती करायचा तो उत्साह होता, पण मूळ रूप मायडास. जुन्या चिठ्ठ्यांवर मिडासिडी दिसले तर ते वेगळे कुल समजू नका.

वाळूघड्याळ:
आणखी एक जुनी समजूत इथेच निकालात काढू. मोठ्या, गांधीलमाशीसारख्या, दरोडेखोर माशीच्या नात्यातल्या, म्हणून 'मायडिडीच्या प्रौढ माश्या शिकारी असतात' असे अनेक पुस्तकांत लिहीत आले. सोंड पाहिली तरी कळते: भोसकायला लागणारी टणक, टोकदार सोंड नाही. काहींची मऊ, काहींची मकरंदासाठी लांब, आणि अनेकींची इतकी खुरटलेली की प्रौढपणी खाण्याचे कामच उरलेले नाही. अळीने साठवलेल्या चरबीवर सगळे उरकायचे. रॅफिओमिडास ट्रॉकिलसचे जातिनामच हमिंगबर्डवरून आहे, कारण ती लांब सोंड घेऊन फुलासमोर स्थिर तरंगते.

रानवाट:
मग गांधीलमाशीचे सोंग कशासाठी?

वाळूघड्याळ:
स्वतः खाल्ले जाऊ नये म्हणून. अमेरिकेच्या नैऋत्येत मायडास झँथॉप्टेरस आहे: काळे अंग, नारिंगी पंख. त्याच भागात कोळी मारणाऱ्या पेप्सिस गांधीलमाश्या, तशाच काळ्या-नारिंगी, आणि त्यांचा डंख भयंकर. पक्षी एकदा पेप्सिसच्या वाटेला गेला की त्या रंगाला पुन्हा हात लावत नाही. लांबून फरक ओळखायचा तर पंख मोजा, माशीला दोनच. शृंगिकाही बघा: पेप्सिसच्या बारीक आणि अनेकदा वळलेल्या, मायडासच्या गदेसारख्या.

मुंगीवाट:
उडणाऱ्या पेप्सिसचे पंख मोजायला मी जाणार नाही, तुम्ही जा. :)

टाचणी_नं_३:
नमुने कसे जमवावे यावरही लिहितो, कारण जुन्या खणांतली निम्मी डोकेदुखी तिथूनच येते.

या माश्या वाळूवर बसतात आणि सावली पडली की उडतात. जाळे आडवे फिरवू नका. सूर्य समोर ठेवून, सावली मागे पडेल असे जा, जाळे वरून वाळूवर टेकवा आणि पिशवीचे टोक उचलून धरा. माशी वर चढते. मग हात आत घालून बाटली लावा. मॅलेझ सापळा (तंबूसारखा जाळीचा) लावायचा तर टेकड्यांमधल्या खोलगट वाटेला आडवा, आणि बाटलीचे टोक उजेडाच्या बाजूला. वाळवंटात अल्कोहोल भराभर उडते आणि उरलेले पातळ होते, म्हणून रोज बघून भर घालावी लागते. पातळ अल्कोहोलात डीएनए पहिला जातो.

मोठी माशी मात्र अल्कोहोलात ठेवूच नये, केस चिकटतात आणि झळाळी जाते. उजवा मधला पाय काढून ९५ टक्के इथेनॉलमध्ये, उणे २० अंशांवर. बाकी माशी कोरडी टोचा, टाचणी छातीत मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे, म्हणजे डावी बाजू शाबूत राहते. पायाच्या कुपीला आणि टाचणीला एकच क्रमांक द्या, आणि तो क्रमांक त्याच दिवशी लिहा.

नर नमुन्यांचे उदर काही महिन्यांनी काळेकुट्ट, तेलकट होते. ती आतली चरबी बाहेर आलेली असते. पूर्ण वाळलेला नमुना इथिल ॲसिटेटमध्ये रात्रभर बुडवा, काढून हवेत वाळवा, लागलेच तर नव्या द्रवात पुन्हा. ओला किंवा अर्धवट वाळलेला बुडवला तर केस मळकट होऊन चिकटतात.

कीटकवही:
आणि नराचे जननेंद्रिय तपासताना?

टाचणी_नं_३:
उदराचे टोक मऊ करून कापा, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थंड द्रावणात रात्रभर ठेवा. घाई असेल तर गरम पाण्याच्या भांड्यात कुपी ठेवून १० ते २० मिनिटे, पण दर पाच मिनिटांनी बघा. द्रावण उकळू देऊ नका. जास्त झाले की पातळ पडदे काचेसारखे पारदर्शक होतात आणि कडा दिसेनाशा होतात. मग क्लोराझोल ब्लॅकचा हलका रंग देणे हाच मार्ग. नंतर पाणी, थोडे ॲसिटिक आम्ल घातलेले पाणी, आणि शेवटी ग्लिसरीन. छोट्या कुपीत ग्लिसरीनचा एकच थेंब, आणि कुपी त्याच माशीच्या टाचणीवर. हातमोजे आणि चष्मा घाला, हे द्रावण डोळ्याला फार वाईट.

रानवाट:
एक अवांतर. शोधता शोधता 'डेल्ही सँड्स' माशी असे नाव दिसले. दिल्लीच्या आसपास ही माशी आहे का?

कीटकवही:
नाही. ती कॅलिफोर्नियाची. डेल्ही हे तिथल्या एका मातीच्या प्रकाराचे नाव आहे. सॅन बर्नार्डिनो आणि रिव्हरसाइड काउंट्यांत वाऱ्याने जमलेल्या या वाळूच्या पट्ट्यात ही माशी राहते. शास्त्रीय नाव रॅफिओमिडास टर्मिनेटस ॲबडॉमिनॅलिस, म्हणजे या धाग्याच्या नायिकेचीच एक उपजाती. भारतात मायडिडी हव्या असतील तर लेप्टोमायडास ही प्रजाती शोधा.

२३ सप्टेंबर १९९३ रोजी डेल्ही सँड्स माशी अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत आली. त्या यादीत आलेली पहिली माशी. काउंटीच्या नव्या रुग्णालयाचा आराखडा तिच्यासाठी २५० फूट सरकवावा लागला. बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने दावा लावला, की ही माशी एकाच राज्यात राहते, तर राज्यांमधल्या व्यापाराच्या अधिकारावर उभा असलेला केंद्राचा कायदा तिला लागू होतोच कसा. १९९७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी संरक्षण कायम ठेवले.

हुमणी:
कायद्याइतकेच तिच्या वाळूबद्दल बोलायला हवे. माशी साधारण अडीच सेंमी, ऑगस्ट-सप्टेंबरच्या उन्हात उडते, दिवसाच्या तापलेल्या मधल्या तासांत. मादी उदर वाळूत खुपसून २.५ ते ५ सेंमी खोल अंडी घालते, अंडी ११-१२ दिवसांत फुटतात. उदराच्या टोकाला काट्यांचा मुकुट असतो. ती टोक फिरवते, काटे वाळू बाजूला सारतात आणि उदर दुर्बिणीच्या नळीसारखे लांबत खाली जाते.

आता कल्पना करा की त्या वाळूवर बाहेरून आलेले गवत किंवा मोहरी दाट माजली, किंवा कोणी शेणखताचे ढीग ओतले. मुळे वाळू बांधतात, वर कडक थर धरतो. उदर आत जात नाही, कोश वर येऊ शकत नाही. सुट्या वाळूत अळीला जे मिळते तेही जाते. कोरड्या वरच्या थरामुळे खालची ओल उडून जात नाही, आणि साधारण ३० सेंमी खाली दिवस-रात्रीच्या तापमानाचा फरक जवळजवळ उरत नाही. पृष्ठभाग पाय भाजेल इतका तापलेला असताना अळी गार, किंचित ओलसर जागी असते. म्हणून जमीन मोकळी दिसते तेवढ्याने भागत नाही, वाळू सैल राहिली पाहिजे. वाऱ्याला टेकडी हलवू द्यायची, हे संवर्धनाचे अर्धे काम आहे आणि ते सगळ्यात कमी केले जाते.

शिरापट:
+१. आणि टेकड्या बेटांसारख्या असतात. दोन वाळूपट्ट्यांमध्ये खडक किंवा चिकणमाती असली की ये-जा तुटते, त्यामुळे रॅफिओमिडासच्या जाती आणि उपजाती वाळूपट्ट्यांनुसार वाटल्या गेल्या आहेत. एका पट्ट्यावरची गेली तर शेजारून येऊन भरून निघत नाही. डेल्ही सँड्स माशीचीच किनाऱ्याजवळची बहीण, रॅफिओमिडास टर्मिनेटस टर्मिनेटस, नामशेष धरली होती, ती २००१ मध्ये पुन्हा सापडली.

जुनीचिठ्ठी, म्हणून सांगतो, तुमच्या रांगेतल्या गावांच्या चिठ्ठ्या अक्षरन् अक्षर उतरवून घ्या. ज्या वाळूवर आज घरे उभी आहेत तिथे ही माशी होती, याचा पुरावा तोच असतो.

मुंगीवाट:
काट्यांचा मुकुट हे मायडिडीचे लक्षण म्हणून वापरता येईल का मग?

शिरापट:
नाही. अपिओसेरिडी, थेरेव्हिडी आणि काही दरोडेखोर माश्यांतही तो आहे. त्यावरून मादी मातीत किंवा वाळूत अंडी घालते एवढे कळते, कुल कळत नाही. पुन्हा आडनावाचाच प्रकार.

जुनीचिठ्ठी:
सगळ्यांचे आभार. सांगितलेल्या क्रमाने खण तपासला. अपिओसेराच्या सगळ्या नमुन्यांत चमचे सापडले, दोन मऊ करावे लागले. रॅफिओमिडासच्या रांगेत अठरांपैकी सतरा नमुन्यांच्या नखांखाली दोन गाद्या. अठराव्याला तीन! सोंड लांब, पंखात तिरपी रेघ. चिठ्ठीवर फक्त एक आकडा, गाव नाही. बाटलीतल्या अळीचे मागचे श्वासरंध्र शेवटून दुसऱ्या खंडावर आहे.

आता लिहायचे कसे? जुन्या चिठ्ठ्या काढून नव्या लावू का?

शिरापट:
अठरावी नेमेस्ट्रिनिडी. तिला वेगळ्या खणात न्या, पण सूचीत नोंदवा की ती आधी या रांगेत होती. तो सुटा आकडा संग्रहाच्या जुन्या नोंदवहीत शोधा, गाव बहुधा तिथे असेल.

टाचणी_नं_३:
जुनी चिठ्ठी कधीही काढू नका, चुकीची असली तरी. टाचणीवर क्रम असा: वर नमुना, खाली गाव आणि तारखेची मूळ चिठ्ठी, तिच्याखाली आधी ज्याने ओळख पटवली त्याची, आणि सगळ्यात खाली तुमची नवी, 'मायडिडी: रॅफिओमिडिनी', ओळखणाऱ्याचे नाव आणि वर्ष. कागद आम्लविरहित, शाई पाण्याने आणि अल्कोहोलने न पसरणारी. दोन चिठ्ठ्यांमध्ये चिमटा घुसेल इतके अंतर ठेवा, म्हणजे खालची वाचायला वरची फिरवावी लागणार नाही. बाटलीत मात्र चिठ्ठी आतच टाकायची, पेन्सिलने लिहिलेली. बाहेर चिकटवलेली गळून पडते.

वाळूघड्याळ:
खणाच्या मुखपट्टीवर माझी एक विनंती. 'अपिओसेरा' आणि 'रॅफिओमिडास' हे खण शेजारी शेजारीच राहू द्या, कुल बदलले तरी. जुनी किल्ली घेऊन येणारा तिथेच शोधेल.

जुनीचिठ्ठी:
शेजारीच ठेवतो. अपिओसेरिडीच्या खणात मागच्या कडेला एक कार्डही लावतो: 'रॅफिओमिडास, मेगॅसेलस: पाहा मायडिडी, पुढचा खण'. कात असलेल्या दोन्ही टाचण्या आज कुपीत जातील.